महाळुंगाची चौकशी

श्रीरंगराव बावडेकर टोक मोडून पाहिल्याशिवाय भेंडी घेत नसत. कोल्हापूरच्या मंडईत याचं कुणाला काही वाटलं नसतं. पण व्हर्जिनियातल्या हर्नडन गावच्या सुपरमार्केटात भाजीचा मॅनेजर त्यांना लांबून ओळखायचा, आणि ते आत शिरले की भेंडीच्या ढिगाशेजारी येऊन उगाचच काहीतरी पुसत उभा राहायचा. श्रीरंगरावांचं म्हणणं असं, की वरून हिरवीगार दिसणारी भेंडी आतून निबर निघू शकते आणि हे फक्त भेंडीलाच लागू नाही. फुकट मिळणारं कॅलेंडर, हवामानाचा अंदाज, शेजाऱ्याचं ‘गुड मॉर्निंग’ या सगळ्यांची टोकं ते मनातल्या मनात मोडून पाहत. अमेरिकेत येऊन वीस वर्षं होत आली तरी त्यांना कुणी फसवलं नव्हतं, याचा त्यांना अभिमान होता. त्यांना फसवण्याची तसदी कुणी घेतली नव्हती, असं त्यांच्या पत्नी सरलाबाईंचं मत होतं.

अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीने, मेडिकलला शिकणाऱ्या विनीताने, एका रविवारी फोन करून सांगितलं, "बाबा, मला एक मुलगा आवडतो. डॅनियल रोझेन. बाल्टिमोरचा आहे. ज्यू आहे. अँड ही इज डुइंग अ पीएचडी इन हिस्ट्री."

या तीन गोष्टींपैकी आधी कशावर आक्षेप घ्यावा हे श्रीरंगरावांना ठरवता येईना. शेवटी ते म्हणाले, "हिस्ट्री?"

"बाबा, लिसन. मला एक प्रॉमिस हवंय. नो चौकशी."

एवढं इंग्रजी बोलणाऱ्या मुलीने ‘चौकशी’ हा शब्द मात्र अस्सल मराठीत उच्चारला, कारण त्या शब्दाने तिला पूर्वी पोळलं होतं. दोन वर्षांपूर्वी श्रीराम नावाच्या एका मराठी मुलाने तिला कॉलेजातून घरापर्यंत राइड दिली होती. फक्त राइड. श्रीरंगरावांनी त्याच्या घराण्याची माहिती काढायला नागपूरला एक फोन केला. नागपूरकरांनी त्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला आणि मंगल कार्यालयाची तारीख धरून ठेवली. श्रीराम पुन्हा कधी कुणाला राइड देताना दिसला नाही. विनीता त्या दिवाळीला घरी आली नाही, आणि त्याच्या पुढच्याही दिवाळीला आली नाही. सरलाबाईंनी दोन्ही वर्षी तिच्या वाटणीचे अनारसे डब्यात भरून ठेवले आणि दोन्ही वर्षी ते संक्रांतीला टाकून दिले. त्याबद्दल त्या नवऱ्याला एका शब्दाने बोलल्या नाहीत, आणि श्रीरंगरावांना नेमकं तेच सहन होत नव्हतं.

म्हणून त्यांनी वचन दिलं. फोन ठेवला. आणि वचन पाळायचं तर मुलाबद्दल जरा माहिती हवी, असं त्यांना लगेच वाटू लागलं.

सल्ला द्यायला दोन घरं सोडून राहणारे प्रताप आणि रेखा होतेच. प्रताप मूळचा अलिबागचा, त्यामुळे ज्यू या विषयावरचा हर्नडनमधला तज्ज्ञ.

"यार श्रीरंग, काळजी कसली करतोस? आमच्याकडे शनिवार तेली होते की, म्हणजे कोकणातले ज्यू! पेणकर माझ्या वर्गात होता. घरात आपल्यासारखंच मराठी, शनिवारी मात्र घाणा बंद म्हणजे बंद. एकदम सज्जन माणूस. म्हणजे तुझा डॅनियलही सज्जनच."

"अरे, तो बाल्टिमोरचा आहे!"

"शेवटी समुद्रकाठचाच ना?"

रेखाचं म्हणणं, मुलाला सरळ जेवायला बोलवावं आणि वरणभात पुढे ठेवावा. माणूस भात कसा कालवतो यावरून त्याचं घराणं कळतं. श्रीरंगरावांना दोन्ही सल्ले पोरकट वाटले. ज्याची चौकशी करायची त्यालाच जेवायला बोलावणं म्हणजे परीक्षेच्या आधी पेपर वाटणं. चौकशी आडून झाली पाहिजे. वधूपित्याने तिऱ्हाईत होऊन मुलाच्या आळीत जावं, पानाच्या दुकानावर उभं राहावं आणि ‘हे अमके कसे काय लोक आहेत हो?’ असं सहज विचारावं, ही शेकडो वर्षांची पद्धत आहे. अडचण एवढीच, की बाल्टिमोरला पानाचं दुकान नव्हतं.

ती अडचण दैवानेच सोडवली. विनीता एका शनिवार-रविवारी कपड्यांचं गाठोडं घेऊन घरी येऊन गेली. ती गेल्यावर श्रीरंगरावांना ड्रायरवर एक पत्रक सापडलं. बाल्टिमोरच्या कुठल्याशा सिनॅगॉगच्या महिला मंडळाची न्यूयॉर्कची सहल. ज्यूंचा वारसा, सणांच्या परंपरा, जुनी वस्ती, जुनी प्रार्थनामंदिरं. वॉशिंग्टनहूनही बसमध्ये चढता येईल. सर्वांचे स्वागत.

श्रीरंगरावांनी पत्रक उजेडात धरून पाहिलं. ‘सर्वांचे स्वागत’ हे वाक्य त्यांना आवडलं नाही. तरीही बाल्टिमोरचे लोक दिवसभर एका बसमध्ये कोंडलेले मिळणार होते. पानाच्या दुकानापेक्षा हे कितीतरी बरं. पोरगी वेंधळी, असलं पत्रक इथे विसरून गेली, असं म्हणत त्यांनी फोन लावला आणि राव या नावाने एक जागा मागितली.

"नक्कीच, मिस्टर राव," पलीकडची बाई आनंदाने म्हणाली. "तुम्हाला व्हेजिटेरियन लागत असेल ना?"

श्रीरंगरावांनी फोन ठेवला आणि बराच वेळ त्याच्याकडे पाहत बसले. आपण शाकाहारी आहोत हे त्या बाईला सांगितलं कुणी?

"वचन तुम्ही दिलंय, मी नाही," सरलाबाई म्हणाल्या. "मोडायचं असेल तर तुमचं तुम्ही मोडा. विनूला कळलं तर ती यंदाही दिवाळीला येणार नाही, एवढं लक्षात असू द्या." मात्र जाण्याच्या दिवशी त्यांनी डबा दिला. त्यात सांज्याच्या पोळ्या होत्या, मऊसूत.

"एवढ्या? मी एकटा आहे."

"शेजारी कुणी असेलच की. म्हातारं माणूसही असेल. चावायला बरं."

श्रीरंगरावांना याचाही संशय यायला हवा होता. पण बायकोचा संशय घ्यायची त्यांना सवय नव्हती. त्यांच्या पद्धतीतली ती एकच फट होती.

बसमध्ये त्यांच्या शेजारची जागा एका ठेंगण्या म्हातारीला मिळाली होती. मांडीवर भलीमोठी हँडबॅग, गळ्यात साखळीला लावलेला चष्मा, आणि इंग्रजीला पोलंडकडचा कसलासा खरखरीत हेल. तिने चष्मा लावून श्रीरंगरावांना बुटांपासून टकलापर्यंत नीट पाहून घेतलं.

"मिसेस स्मिथ," ती म्हणाली.

"मिस्टर राव," श्रीरंगराव म्हणाले. या हेलाची स्मिथ असते होय, असं त्यांच्या मनात आलं.

"राव? आमच्या बिल्डिंगमध्ये एक राव आहेत. तुम्ही त्यांच्यासारखे दिसत नाही."

"आम्ही वेगळे राव."

बाई भलतीच चौकस निघाली. तुम्ही काय करता? घर स्वतःचं का? रात्री झोप लागते का? घराण्यात कुणाला डायबेटिस? दारू? जुगार? श्रीरंगराव सावध झाले. एवढे प्रश्न ग्रीनकार्डाच्या मुलाखतीतही विचारले नव्हते. ही एक तर सरकारी खात्यातली असावी नाही तर विमा विकणारी. त्यांनी मोघम उत्तरं दिली आणि न्यू जर्सी लागलं तसा आपला डाव टाकला.

"बाल्टिमोरला रोझेन म्हणून कुणी राहतात का हो? सहज विचारतो."

म्हातारीने हँडबॅग जवळ ओढली. "कोणते रोझेन?"

"मुलाचं नाव डॅनियल."

"ओ, ते!" ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली. "फार चांगली माणसं. मुलाची आजी तर... काय सांगू, साक्षात देवमाणूस. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. तुम्हाला कशाला हवंय?"

"एका मित्रासाठी."

"असं. मलाही एका मैत्रिणीसाठी विचारायचं होतं. तुम्ही इंडियन, म्हणून विचारते. हर्नडनला बावडेकर म्हणून कुणी आहेत का?"

श्रीरंगराव ताठ बसले. ही आपल्याच मागावर आहे! खात्याचीच! गेल्या काही वर्षांत भरलेला टॅक्स त्यांच्या डोळ्यांपुढून सरकून गेला. पण संकटात माणसाला बुद्धी सुचते म्हणतात तशी त्यांना सुचली.

"बावडेकर? वा! लाख माणूस. प्रामाणिक, उदार, मोठ्या मनाचा. दुसऱ्याच्या खासगी गोष्टीत कधी नाक खुपसायचा नाही."

"हं," म्हातारी म्हणाली. तिचा विश्वास बसलेला दिसला नाही.

न्यूयॉर्कच्या त्या जुन्या वस्तीत उतरल्यावर सुरुवातच टोपीपासून झाली. सिनॅगॉगमध्ये पुरुषांनी डोकं झाकायचं असतं, म्हणून दारातल्या गृहस्थाने त्यांना वाटीएवढी टोपी दिली आणि ती केसांना लावायला पिन दिली. पिन लावायची तर केस हवेत. तीन वेळा टोपी घसरून पडली, तीन वेळा तिघा वेगवेगळ्या सज्जनांनी ती उचलून पुन्हा श्रीरंगरावांच्या डोक्यावर ठेवली, आणि पुढे दिवसभर ते मान ताठ ठेवून नवऱ्या मुलासारखे वावरले. त्यात दारातल्या गृहस्थाने देणग्यांची पत्रकं पाठवण्यासाठी पत्ता विचारला. खोटं नाव सांगितलेल्या माणसाने खरा पत्ता कसा द्यावा? त्यांनी प्रतापचा दिला. मि. राव यांच्या नावाने येणारी ती पत्रकं प्रतापला अजून येतात आणि तो ती आपली लोकप्रियता समजतो.

मग सगळे रस्त्यावरच्या बाजारात गेले. आठवड्याभरात मांडवांचा सण होता, सुक्कोत. अंगणात झावळ्यांचा मांडव घालायचा आणि सणभर त्यात जेवायचं. त्यासाठी लागणारं एक पिवळं फळ टेबलांवर मांडून विकायला ठेवलं होतं, आणि लांब दाढ्यांचे पुरुष भिंगातून ते निरखत होते. एकेक फळ उजेडात फिरवायचं, नखाएवढा डाग दिसला की परत ठेवायचं, विक्रेत्याशी वाद घालायचा, दुसरं उचलायचं. श्रीरंगराव जागच्या जागी थबकले. वीस वर्षांत या देशात त्यांना खरेदी कशी करावी हे कळणारी माणसं प्रथमच दिसत होती. त्यांच्या मनात या लोकांबद्दल एकदम आदर दाटून आला.

मिसेस स्मिथने टेबलामागून टेबलं पालथी घातली. शेवटी एक फळ तिच्या मनास आलं. "याला एस्रोग म्हणतात," ती म्हणाली. "जरा धरा, मी पैसे काढते. सांभाळून."

श्रीरंगरावांनी फळ हातात घेतलं आणि त्यांना ओळख पटली. ते महाळुंग होतं. जाड खरबरीत साल, तोच मंद वास. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात असतं ते महाळुंग. लहानपणी आईचं बोट धरून देवळात गेल्यावर आई कानात सांगायची, ‘देवीच्या हातातलं फळ बघ.’ इतक्या लांब, या परक्या रस्त्यावर ते आपल्या हातात यावं! त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी फळ नाकाशी नेलं. आणि डोळे भरलेले, मन कोल्हापुरात, अशा अवस्थेत त्यांच्या उजव्या हाताच्या अंगठ्याने आयुष्यभर जे केलं होतं तेच केलं. फळाच्या टोकावर एक चिमुकला तुरा होता. कट्.

आजूबाजूचे सगळे आवाज थांबले. विक्रेत्याने कपाळावर हात मारला. एका दाढीवाल्याने भिंग खिशात ठेवलं. तुरा मोडला की असलं फळ पूजेला चालत नाही, हे श्रीरंगरावांना कुणी सांगावं लागलं नाही. सगळ्यांच्या चेहऱ्यांवरूनच ते कळत होतं.

"काय केलंत हे!" म्हातारी ओरडली. "कोवळं आहे का ते पाहिलंत? ही काय काकडी आहे? अहो, हे माझ्या डॅनियलसाठी होतं! आजोबा गेल्यापासून दर वर्षी मी स्वतः त्याच्यासाठी निवडून नेते!"

"माफ करा, माफ करा," श्रीरंगराव घामाघूम होत म्हणाले. "कुणाला सांगू नका. विनीताला कळलं तर ती मला कधीच..."

दोघंही एकदम थांबली.

"विनीता?" म्हातारी हळू आवाजात म्हणाली.

"डॅनियल?" श्रीरंगराव म्हणाले.

टोपी चौथ्यांदा घसरली. या वेळी ती कुणी उचलली नाही.

"म्हणजे लाख माणूस तो तुम्हीच," ती म्हणाली.

"आणि देवमाणूस ती तुम्ही," श्रीरंगराव म्हणाले.

तिचं खरं नाव मिसेस लेव्हिन. डॅनियलच्या आईची आई. तिनेही नातवाला शब्द दिला होता, मुलीच्या घरच्यांची विचारपूस करणार नाही म्हणून. याआधी एका मुलीच्या वडिलांच्या दुकानात जाऊन तिने सगळ्या नोकरांना गाठलं होतं, तेव्हापासून डॅनियल महिनोन्‌महिने फोन करत नव्हता. हे सांगताना तिचा खरखरीत आवाज जरा ओलसर झाला. श्रीरंगरावांनी तिला अनारशांबद्दल सांगितलं. अनारसे म्हणजे काय ते तिला कळलं नाही, पण टाकून द्यावे लागले हे कळलं.

तिने दुसरं फळ निवडलं, तोवर श्रीरंगराव दोन्ही हात खिशात घालून दूर उभे होते. मोडकं तिने त्यांच्या हातात दिलं. "घ्या. आता हे नुसतं लिंबू आहे. आणि आपण दोघं एकमेकांना कधी भेटलेलो नाही."

"कोण तुम्ही?" श्रीरंगराव म्हणाले.

परतीच्या वाटेवर तिने दोन सांज्याच्या पोळ्या खाल्ल्या. आधी त्यात काय काय आहे हे विचारून घेतलं, मग म्हणाली, "माझ्या मुलीला सांगू नका." डिलावेअर येईपर्यंत हिस्ट्रीत पीएचडी करणाऱ्या माणसाचं पुढे होतं काय, या चिंतेवर दोघांचं एकमत झालं होतं.

त्या दिवाळीला विनीता आली. अमेरिकेत दिवाळी शनिवार-रविवार बघून येते, तशी ती रविवारी आली. डॅनियलला घेऊन आली, आणि डॅनियलबरोबर त्याची आजी.

"बाबा, या मिसेस लेव्हिन. फर्स्ट टाइम भेटताय, सो प्लीज बी नाइस."

"हाऊ डू यू डू," श्रीरंगराव म्हणाले.

"आनंद झाला," मिसेस लेव्हिन म्हणाली आणि त्यांना बुटांपासून टकलापर्यंत पाहून घेतलं, जणू आयुष्यात प्रथमच. बाईचं काम इतकं बेमालूम होतं, की श्रीरंगरावांना क्षणभर तिचाच संशय आला. ती परत सगळं विचारू लागली. काय करता, घर स्वतःचं का, झोप लागते का. श्रीरंगरावांनी या वेळी खरी उत्तरं दिली. विनीता श्वास रोखून ऐकत होती. सगळं सुरळीत चाललं होतं.

तेवढ्यात सरलाबाईंनी पानात डाव्या बाजूला लोणचं वाढलं.

मिसेस लेव्हिनने ते बोटाने चाखलं, डोळे मिटले, पुन्हा चाखलं. मग चष्मा लावून फोडीकडे बघितलं. "हे... हे माझं एस्रोग आहे!"

श्रीरंगरावांच्या हातातला घास हातातच राहिला. सरलाबाई शांतपणे म्हणाल्या, "अजून मुरायचंय. पण म्हटलं, आजच वाढावं."

आता पळायला वाट नव्हती. श्रीरंगरावांनी मुलीकडे पाहिलं. ती उठून जाईल, गाडीची किल्ली उचलेल, पुन्हा दोन दिवाळ्या येणार नाही, असं त्यांना वाटलं. "विनू," ते म्हणाले, "मी वचन मोडलं. मला राहवलं नाही. चुकलं माझं."

"आय नो, बाबा."

"तुला कुणी सांगितलं?"

"बाबा, ते फ्लायर मी विसरले नव्हते." विनीताने डॅनियलकडे बघितलं. त्याचे कान लाल झाले होते. "महिला मंडळाच्या बाईंना डॅनियलने आधीच सांगून ठेवलं होतं. शेजारच्या सीट्स त्यानेच मागितल्या. तुमचं नाव राव असणार हे मात्र आईने ओळखलं."

श्रीरंगराव वळले. सरलाबाई भाताचं पातेलं घेऊन स्वयंपाकघरात निघाल्या होत्या.

"मग वचन घेतलंसच कशाला?"

"घेतलं तेव्हाच माहीत होतं, तुम्ही मोडणार." ती म्हणाली. "तुम्ही चौकशी केल्याशिवाय राहणार नाही. आणि केलीत की मी रागावणार. बट आय वाँटेड टु कम होम, बाबा, म्हणून ती मीच घडवून आणली. मला या दिवाळीला घरी यायचं होतं."

श्रीरंगरावांनी ताटातला एक अनारसा उचलला, तिच्या पानात ठेवला आणि नाक पुसलं.

मग त्यांचा स्वाभिमान जागा झाला. वीस वर्षं कुणी फसवलं नव्हतं! मिसेस लेव्हिनचाही झाला असावा, कारण तिने खुर्ची श्रीरंगरावांच्या जवळ ओढली.

"यांनी आपल्याला एका बसमध्ये बसवलं," ती कुजबुजली. "आणखी काय काय लपवलं असेल, कोण जाणे."

"याची चौकशी झाली पाहिजे," श्रीरंगराव म्हणाले.

डॅनियल हळूच उठला, बाहेर गाडीकडे गेला आणि एक कागदी पिशवी घेऊन परत आला. ती त्याने दोन्ही हातांनी श्रीरंगरावांपुढे धरली. आत भेंडी होती. प्रत्येक भेंडीचं टोक मोडलेलं.

"विनीताने सांगितलं होतं, अशी निवडतात म्हणून," तो इंग्रजीत म्हणाला. "तुमच्याच दुकानातून आणली, सर. त्या मॅनेजरने मला पुन्हा यायचं नाही म्हणून सांगितलंय."

श्रीरंगरावांनी पिशवीत हात घातला. एक भेंडी काढून वाकवून पाहिली, मग दुसरी, मग अगदी तळाची. त्यांनी चष्मा पुसला आणि पिशवी उचलून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले.

"कोवळी आहे," ते सरलाबाईंना म्हणाले. "रात्री करा. ही मंडळी थांबतायत."